भांड्यावरचं नाव

जोतिबाने पोह्यांचा पहिला घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत पोचायच्या आत समोरच्या म्हातारीने विचारले,

"मग बाबा, तुजा बिल्ला कुठं हाय?"

घास हवेतच राहिला. म्हातारी म्हणजे मुलीची आजी, साळूबाई. तिला कमी दिसत असावे, कारण ती पुढे झुकून जोतिबाच्या छातीकडे निरखून पाहत होती. तिथे नायलॉनच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा होता आणि खिशाला पेन होते. दुसरे काही नव्हते.

"कसला बिल्ला?" जोतिबाने विचारले.

"आता गं बया! यष्टीचा. पितळंचा आसतोय न्हवं? आमच्या गाडीवरला कंडाक्टर हितं लावतोय."

मुलीचे वडील आप्पासो मोठ्याने हसले. "आई, सुट्टीच्या दिशी कशाला लावत्यात? ड्युटीवर लावायचा आसतोय त्यो. खावा, पाव्हणं, खावा तुमी."

जोतिबाने घास ताटलीत ठेवला आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिले. मानसिंग म्हणजे पलटणीतून हवालदार होऊन आलेला माणूस. मिशीला पीळ, पाठीचा कणा ताठ, आणि बोलणे तोफेसारखे. पण या घटकेला ते पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत होते आणि त्या कामातून त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती.

तेवढ्यात मुलगी आली. लीला तिचे नाव. पाटावर बसली, विचारलेल्याला उत्तरे दिली. मानसिंगनी खुंटीवरच्या पिशवीतला वर्तमानपत्राचा कागद पुढे केला आणि म्हणाले, "वाच बघू, बाळ." तिने कुठेही न अडखळता खणखणीत वाचले. उसाच्या भावाची बातमी होती. तीही तिने अशी वाचली की ऐकणाऱ्याला वाटावे, भाव वाढलाच.

"सातवी झालीया," आप्पासो कौतुकाने म्हणाले. "आमच्या घरात वाचणारी ही एकटीच. मला तर माझं नाव बी समोर आलं तर वळखू येत न्हाई."

जोतिबाने तिच्याकडे एकदाच पाहिले. तिनेही एकदाच पाहिले. ते पाहणे असे होते की बिल्ल्याचा खुलासा आता करावा, हे त्याच्या ओठांवर आले होते ते परत घशात गेले.

गोष्ट अशी होती की जोतिबा कंडक्टर होता. त्यात तसूभर खोटे नव्हते. फक्त तो एस.टी.चा नव्हता. पुण्याच्या एका यात्रा कंपनीत तो टूर कंडक्टर होता. पर्यटकांना घेऊन गडकोट, घाट, देवळे दाखवायची, त्यांच्या खोल्या लावायच्या, सकाळी चहासाठी दारे ठोठावायची, कुणाला गाडी लागली तर लिंबू हुंगवायचे आणि घाटात सगळे कंटाळले की गाण्याच्या भेंड्या लावायच्या, हे त्याचे काम. हंगाम असला की काम, नसला की घरी. आणि बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडलेल्या त्या दिवसांत, ज्याला महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार आहे त्याच्या दारी मुलींचे बाप वहाणा झिजवत होते. एस.टी.चा कंडक्टर म्हणजे तर गावचा राजाच. त्याने घंटीची दोरी ओढली की गाडी थांबणार, पुन्हा ओढली की निघणार. कलेक्टरचे तरी कुठे कुणी इतके ऐकते!

या कामासाठी जोतिबा शिकला होता, हेही खरे. मॅट्रिक झाल्यावर पुण्यातल्या एका संस्थेत त्याने प्रवास आणि पर्यटनाचा अभ्यासक्रम केला होता. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी फळ्यावर जिना काढला. खालची पायरी सर्टिफिकेटची, तिला मॅट्रिक पुरे. मधली डिप्लोमाची, तिला इंटर लागे. वरची पदवीधरांसाठी, तिच्यावर चढलेले लोक मुंबईला विमानांच्या कचेऱ्यांत आणि मोठ्या हॉटेलांत टाय लावून बसत. "ज्याने त्याने आपली पायरी ओळखावी," सर म्हणाले होते. जोतिबाने आपली ओळखली. ती खालची होती.

पण गावात जिना कुणाला दाखवणार? रहिमतपूरच्या आसपास शिक्षणाची मोजपट्टी एकच: सातवी, मॅट्रिक, बी.ए. हा 'टुरिझम' त्यात कुठेच बसेना. कुणी म्हणाले, टुरिंग टॉकीजचे शिक्षण असेल. तंबूतला सिनेमा लावायचा. पारावर जो भेटेल तो मानसिंगना विचारी, "हवालदार, ते पोराचं शिक्षान मॅट्रिकच्या वर का खाली?"

"वर!" मानसिंग गरजत. "डिप्लोमा हाय डिप्लोमा!"

जोतिबाने एकदा घरात हळूच सांगून पाहिले की डिप्लोमा नव्हे, सर्टिफिकेट. मानसिंग म्हणाले, "त्येच त्ये." मग जोतिबानेही तो विषय सोडून दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मुलगी पाहून परत येताना बापलेक कृष्णेच्या काठाने चालत होते.

"आबा, त्यास्नी सांगायला पायजे," जोतिबा म्हणाला.

"काय सांगायचं?"

"मी यष्टीत न्हाई म्हणून."

मानसिंग थांबले. "मी यष्टी म्हनलो का? बाजारात त्यांनी इचारलं, पोरगं काय करतं? मी म्हनलं, कंडक्टर हाय. एवढंच. आता त्यांनी त्यातनं काय घ्यायचं ते घेतलं. मी जन्मात खोटं बोललो न्हाई."

"पर त्यास्नी तसं वाटतंय न्हवं."

"वाटू दे. एकदा अक्षता पडल्या की सगळं सारखंच." मग आवाज उतरवून, जोतिबाकडे न बघता ते म्हणाले, "तुला तरी सांगायला जमंल का, तू गाडीत काय करतोस त्ये? त्या बायांच्या पिशव्या उचलतोस, लिंबू हुंगवतोस... मला न्हाई जमत."

जोतिबाला तोंडात मारल्यासारखे झाले. बापाला आपल्या कामाची लाज वाटते हे त्याला ठाऊक होते. ते असे शब्दांत ऐकले नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यालाही ती वाटत होती. रागावायला जागाच नव्हती. त्याने वाटेतला एक खडा पायाने उडवला आणि तो चालू लागला.

साखरपुड्यात सांगू, असे त्याने मनाशी घोकले. साखरपुड्यात साळूबाईने त्याचा हात हातात घेऊन साऱ्या बायकांना सांगितले, "आता मला म्हातारीला गाडीत उबं ऱ्हावं लागायचं न्हाई." सगळ्या हसल्या. जोतिबाही हसला, आणि सांगायचे राहून गेले. लग्न मार्गशीर्षात ठरले.

दिवाळीच्या सुट्टीत कंपनीची गाडी निघाली: पुणे, महाबळेश्वर, प्रतापगड, सातारा, आणि शेवटी सांगली-मिरज. गाडी आकाशी रंगाची, काचांना पडदे, पुढे झेंडूच्या माळा. चालवायला बशीर. तो सांगलीचा, शेवटचा मुक्काम आपल्या गावी म्हणून भलताच खुशीत होता. साताऱ्याहून ती मंडळी सकाळी कोरड्या चहावर निघाली, कारण नाश्ता कऱ्हाडला, स्टँडच्या बाजूच्या हॉटेलात ठरला होता. नाश्त्याची गुलाबी कुपने जोतिबाच्या खिशात होती. उतरताना ज्याचे त्याला एकेक फाडून द्यायचे, असा कंपनीचा शिरस्ता.

उंब्रज मागे पडले. जोतिबा दाराशी उभा राहून कृष्णा-कोयनेच्या संगमाची माहिती सांगत होता. पुढच्या बाकावरच्या पुण्याच्या काकू ती ऐकत ऐकत लोकर विणत होत्या. इतक्यात बशीरने ब्रेक लावला.

"ह्ये बग की," तो म्हणाला. "पार रस्त्याच्या मदी येऊन हात करतंय म्हातारं."

जोतिबाने समोरच्या काचेतून पाहिले. फाट्यावर, कार्तिकाच्या उन्हात, आप्पासो दोन्ही हात पसरून उभे होते. मागे लीला, हातात रिकामी पिशवी घेऊन.

"चल चल, घे पुढं," तो बशीरला म्हणाला. "आपल्याला बाहेरचं माणूस घ्यायची परवानगी न्हाई."

"अंगावर घालू काय?"

"अहो, घ्या हो बिचाऱ्यांना," काकू म्हणाल्या. "उन्हात उभी आहेत. दोन जागा आहेत की मागे."

जोतिबा दारातून आत सरकला आणि बाकाच्या पाठीआड वाकला. पण आप्पासोंनी त्याला केव्हाच पाहिले होते. आणि पाहिले म्हणजे काय, त्यांचा चेहरा असा उजळला की वाटावे, देवच रस्त्यात भेटला.

"अगं लीले, ह्ये तर आपलं पाव्हणं! बघ, जावयाचीच गाडी घावली!" ते दणादण पायऱ्या चढून आत आले. "साडेसातची आलीच न्हाई बघा. तासभर हुबं हाय. आन् तुमची गाडी! लग्झरी हाय व्हय ही?"

"व्हय," जोतिबा म्हणाला. दुसरे काय म्हणणार? सारी गाडी पाहत होती.

"तरीच. लालडब्यागत न्हाई." आप्पासोंनी पडद्यांना हात लावून पाहिला, मग वर पाहिले. "आन् घंटीची दोरी?"

"लग्झरीला नसती, चाचा," बशीर पुढून म्हणाला. त्याला काय समजले असेल ते असो. त्याने आरशातून जोतिबाकडे एकदा पाहिले आणि गाडी सुरू केली.

आप्पासो आणि लीला मागच्या बाकावर बसली. आप्पासोंच्या आवाजाला शेतातली सवय. ते शेजारच्या पर्यटकाला सांगू लागले आणि साऱ्या गाडीला ऐकू आले. "आमचं जावई. व्हनार हायती अजून, मार्गशीर्षात. कंडक्टर हायती."

"हो, फार चांगला मुलगा आहे," त्या गृहस्थांनी भाबडेपणाने मान डोलवली. "आमचे कंडक्टर म्हणजे लाखात एक."

ते ऐकून आप्पासोंची छाती आणखी फुगली. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी जोतिबाची गत झाली. दोघेही खरेच बोलत होते, आणि दोघांच्या मध्ये एवढे मोठे खोटे बसले होते. त्याला वाटले, ही गाडी अशीच कुठेही न थांबता जात राहावी.

"जावईबापू!" आप्पासोंनी हाक मारली. जोतिबा बाकांना धरत धरत मागे गेला. "भांडी घ्यायला चाललुया. हंडा, कळशी, पराती. नाव बी घालून घेतो म्हनलं आजच. काय घालायचं? 'जोतिबा मानसिंग' एवढं तर झालं. खाली 'कंडक्टर, एस.टी.' असं घालू का? रुखवतात भांडी मांडली की चार लोक वाचत्यात."

लीला खिडकीबाहेर पाहत होती. पण तिचे कान इकडेच आहेत, हे जोतिबाला कळत होते. पितळेवर ठोकलेले नाव. घासून जात नाही की पुसून जात नाही. लेकीची लेक म्हातारी होते तरी हंड्यावर नाव असतेच.

"काय... काय बी घाला, मामा," तो कसेबसे म्हणाला.

"काय बी कसं? बरं, आदी आमची तिकिटं फाडा." आप्पासो कमरेच्या चंचीत बोटे घालू लागले.

"तिकीट नको, मामा."

"वा! नको कसं? जावई झाला म्हणून काय सरकारला बुडवायचं? उद्या चेकर आला तर तुमच्या नोकरीवर यायचं. मी अशानं न्हाई उतरायचा गाडीतनं. फाडा."

"नको म्हणतोय न्हवं..."

"फाडा म्हणतो!"

आवाज चढला तशा चार माना मागे वळल्या. काकूंची लोकर थांबली. कुणीतरी आता बोलणार, विचारणार, हसणार, आणि सगळे उघडे पडणार, हे जोतिबाला डोळ्यांपुढे दिसले. त्याचा हात आपसूक खिशात गेला. त्याने दोन गुलाबी कुपने फाडली आणि पुढे केली. आप्पासोंनी सुट्टे पैसे त्याच्या तळहातावर ठेवून वर मूठ मिटवली, आपले कुपन दोन्ही बाजूंनी पाहिले आणि समाधानाने टोपीच्या घडीत खोचले.

"आता कसं," ते म्हणाले. "आता जिवाला बरं वाटलं."

दुसरे कुपन लीलाच्या हातात होते. तिने ते पाहिले. डोळे एकदा त्यावरून फिरले, एवढ्याशा मजकुराला तेवढेच पुरे होते. मग तिने मान वर केली. जोतिबाला वाटले, ती आता हसेल. ती हसली असती तर बरे झाले असते.

आप्पासोंचे लक्ष पलीकडच्या खिडकीतून दिसणाऱ्या उसाकडे गेले होते. लीला अगदी हळू बोलली.

"नाश्ता. एक."

जोतिबाने उरलेली कुपने खिशात कोंबली.

"आप्पास्नी वाचता येत न्हाई म्हणून दिलंसा?"

जोतिबाची नजर आप्पासोंच्या टोपीकडे गेली.

"आन् पैसं बी घेतलंसा."

ती एवढेच म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. धरणीने पोटात घ्यावे म्हणतात, पण धावत्या गाडीत धरणीही जवळ नसते. जोतिबा पुढे जाऊन दाराशी उभा राहिला. इतके दिवस लाज वाटायची ती लिंबू हुंगवायची, पिशव्या उचलायची. आज कळले, ती लाज नव्हतीच. ही होती. मुठीतली नाणी घामाने ओली झाली होती आणि ती खिशात टाकायला हात धजत नव्हता. संस्थेतल्या सरांनी दुसऱ्या दिवशी काय शिकवले होते ते त्याला आठवले: प्रवाशाला माहीत नाही म्हणून सांगितले तर तो रागावेल, पण खोटे सांगितले तर तो वाट चुकेल. ते त्याने परीक्षेत जसेच्या तसे लिहिले होते आणि त्याला चांगले गुण पडले होते.

"गड्या," बशीर रस्त्यावरची नजर न काढता पुटपुटला, "लय म्हागाचं तिकीट फाडलंस."

कऱ्हाड आले. गाडी स्टँडच्या फाटकापाशी उभी राहिली. पर्यटक उतरू लागले. जोतिबा कुपने देऊ लागला. आप्पासो त्याचा निरोप घेऊन, पाठीवर थाप मारून खाली उतरले. हॉटेल एका अंगाला, बाजाराची वाट दुसऱ्या अंगाला. तो मनात म्हणत होता, जावा, मामा, सरळ बाजारात जावा. फेरी संपली की घरी येऊन सगळे सांगतो. नक्की सांगतो.

पण आप्पासो बाजाराकडे वळलेच नाहीत. ते तडक फाटकात गेले. तिथे खाकी कपड्यांतला तिकीट तपासनीस नुकत्याच आलेल्या गाडीतून उतरणाऱ्यांची तिकिटे पाहत होता. जन्मभर तिकीट काढून प्रवास केलेला माणूस तो. फाटकात चेकर उभा असताना तिकीट न दाखवता जाणे त्याच्या अंगातच नव्हते. शिवाय आज दाखवण्याजोगे काही होते.

"घ्या, सायेब," आप्पासोंनी टोपीतून कुपन काढून पुढे केले. "जावयाच्या गाडीनं आलो. पर फुकाट न्हाई, तिकीट काढून आलो."

तपासनिसाने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"बाबा, हे काय? 'नाश्ता एक'?"

मागचे दोघे-तिघे पुढे वाकले. कुणीतरी फिसकन हसले. "म्हातारबानं यष्टीत भजी खाल्ली जणू!" मग सगळेच हसले. आप्पासोही आधी हसू लागले, कारण बाकीचे हसत होते. मग त्यांचे हसू हळूहळू उतरले. त्यांनी तपासनिसाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि शेवटी लेकीकडे पाहिले. "काय लिवलंया गं?"

लीला खाली पाहत उभी राहिली. तिने सांगितले नाही.

"कुणी दिलं हे तुम्हाला?" तपासनिसाचा आवाज आता कडक झाला होता. "तिकीट कुठं आहे? कुठल्या गाडीनं आलात?"

गाडीच्या दारात जोतिबा कुपनांचा गठ्ठा हातात धरून उभा होता. काकू म्हणत होत्या, "कंडक्टर, अहो माझं कुपन?" त्याने सगळा गठ्ठाच त्यांच्या हातात कोंबला आणि उडी टाकली. फाटकापर्यंतची ती एवढीशी वाट, पण ती चालताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सायेब, ह्यांचा काय दोष न्हाई," तो म्हणाला. "ते मी दिलंय. हे यष्टीनं आलंच न्हाईत. ती आकाशी गाडी खाजगी हाय. यात्रा कंपनीची."

"मग तू कोण?"

"मी... त्या गाडीवर हाय. टूर कंडक्टर. पर्यटकांस्नी फिरवतो." एवढे बोलून तो आप्पासोंकडे वळला, पण डोळे त्यांच्या वहाणांच्या वर चढेनात. "मामा, मी यष्टीत न्हाई. कवाच नव्हतो. तुमाला तसं वाटलं आन् मी वाटू दिलं. आबांचा बी दोष न्हाई. सांगायचं मी हुतं."

कुणी हसले नाही आता. तपासनिसाने खाकरून कुपन आप्पासोंच्या हातात परत दिले आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. माणसे पांगली.

आप्पासो कागद धरून उभे राहिले. त्यांनी तो उलटा धरला आहे हे जोतिबाला दिसत होते, आणि ते पाहवत नव्हते.

"मग त्ये शिक्षान?" ते म्हणाले. "तुमचं वडील म्हनलं, डिप्लोमा. मॅट्रिकच्या वर."

"डिप्लोमा न्हवं, मामा. मॅट्रिकवर सा म्हयन्याचं हाय. सगळ्यात खालची पायरी."

"आन् काम बारमाही?"

"न्हाई. हंगामात असतंय."

आप्पासोंनी आणखी काही विचारले नाही. जोतिबाने मूठ उघडून नाणी पुढे केली. घाम लागून ती काळसर दिसत होती. आप्पासोंनी नाण्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते वळले आणि चालू लागले. लीला त्यांच्या मागोमाग गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. पिशवी तेवढी या हातातून त्या हातात घेतली.

संपले, जोतिबाच्या मनात आले. तिकडे बशीरने हॉर्न दिला. हॉटेलच्या पायरीवरून काकू हात करत होत्या. तो जागचा हलला नाही.

फाटकाबाहेर पिंपळाखाली आप्पासो थांबले. लेकीशी काहीतरी बोलले. तिने काय उत्तर दिले ते ऐकू येण्यासारखे नव्हते. ती फारसे बोललीही नसावी. मग म्हातारा एकटाच परत आला आणि जोतिबापासून जरा अंतर ठेवून उभा राहिला. त्याची नजर जोतिबावर नव्हती, त्या आकाशी गाडीवर होती.

"भांड्यावर काय घालायचं, त्ये न्हाई सांगितलंसा तुमी."

जोतिबाची मान काही वर होईना.

"नुसतं नाव घाला, मामा."

"नुसतं नाव," आप्पासो स्वतःशी म्हणाले, बाजारात गेल्यावर विसरू नये म्हणून माणूस घोकतो तसे. मग त्यांनी ते गुलाबी कुपन घडी घालून पुन्हा टोपीत खोचले आणि ते बाजाराच्या वाटेला लागले.